सभागृहाला त्याचे दिवस परत द्या

प्रति,
मा. सभापती, महाराष्ट्र विधान परिषद,
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र विधानसभा,
आणि दोन्ही सभागृहांचे सर्व सन्माननीय सदस्य

सादर नमस्कार.

डिसेंबर २०२५चे हिवाळी अधिवेशन नागपुरात ८ तारखेला सुरू झाले आणि १४ तारखेला संपले. शनिवार-रविवार धरून सात दिवस. त्याच्या आदल्या वर्षी ते १६ ते २१ डिसेंबर असे सहा दिवस चालले होते. या खेपेला पहिल्याच दिवशी ७५ हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पात मंजूर झालेल्यापेक्षा जादा खर्चाच्या मागण्या, पटलावर आल्या आणि आठवडा संपायच्या आत मंजूर झाल्या. विरोधी पक्षनेतेपद दोन्ही सभागृहांत रिकामे होते. वर्तमानपत्रांनी दोन दिवस बातम्या दिल्या, मग विषय मागे पडला. मला तो मागे पडू द्यायचा नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते तुमच्या नावे आहे, पण राज्यातल्या मतदारांनीही वाचावे अशी माझी इच्छा आहे. ज्या वेळेबद्दल मी बोलणार आहे, ती त्यांची आहे.

मी लोकप्रशासनाची निवृत्त प्राध्यापिका आहे. विदर्भातल्या एका महाविद्यालयात मी संसदीय कार्यपद्धती, स्थानिक स्वराज्य संस्था आणि वित्तीय प्रशासन हे विषय शिकवले. माझे स्वतःचे शिक्षण नागपूर विद्यापीठात झाले. लोकप्रशासन आणि स्थानिक स्वशासन यांसाठी स्वतंत्र विभाग सुरू करणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या विद्यापीठांत त्याची गणना होते. देशातले या विषयाचे पहिले प्राध्यापक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, ते एम. पी. शर्मा याच विभागाचे. स्वातंत्र्य नुकतेच मिळाले होते. राज्यकारभार चालवायला माणसे लागतील आणि त्या कारभारावर नजर ठेवायलाही माणसे लागतील, हे त्या पिढीने ओळखले होते. आम्ही त्याच विचारावर वाढलो.

नागपूरला शिकण्याचा दुसरा लाभ म्हणजे अधिवेशन. राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा राज्यातल्या विद्यापीठांच्या राज्यशास्त्र आणि लोकप्रशासनाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी हिवाळी अधिवेशनात अभ्यासवर्ग घेते. मी आधी विद्यार्थिनी म्हणून त्या वर्गाला बसले आणि पुढे माझे विद्यार्थी घेऊन जात राहिले. खेड्यापाड्यांतून आलेली मुले प्रेक्षक गॅलरीतून प्रश्नोत्तराचा तास पाहायची. मंत्री उत्तर देताना अडखळले की ती पुढे सरकून बसायची. ज्या मुलांनी तहसील कार्यालयात शिपायासमोरही आवाज चढवलेला नसतो, त्यांना आपल्या तालुक्याचा आमदार राज्याच्या मंत्र्याला उभे राहून जाब विचारताना दिसतो, तेव्हा संविधानाचे एक अख्खे प्रकरण त्यांना न शिकवता कळते. हा वर्ग विधानमंडळाने इतकी वर्षे चालू ठेवला, याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. माझी तक्रार त्या गॅलरीतून आता काय पाहायला मिळते याबद्दल आहे.

माझ्या संशोधनाचा विषय होता शासकीय आश्वासने. सर्वसाधारण वाचकाला आश्वासन समितीचे नावही ठाऊक नसते, म्हणून थोडे सविस्तर सांगते. मंत्री सभागृहात बोलताना ‘चौकशी करून कारवाई करू’, ‘हे तपासून घेऊ’, ‘पुढच्या अधिवेशनापूर्वी निर्णय घेऊ’ असे म्हणाले की ते वाक्य कार्यवृत्तातून वेगळे काढले जाते. आश्वासन म्हणून त्याची नोंद होते, ते संबंधित विभागाकडे जाते आणि पूर्ततेची मुदत सुरू होते. पूर्तता झाली नाही तर विभागाच्या सचिवांना समितीपुढे साक्षीला बोलावता येते. पुढारी काय बोलले हे कुणी लक्षात ठेवत नाही, असे लोक सहज म्हणतात. पण सभागृहात बोललेले प्रत्येक वाक्य लक्षात ठेवण्याची ही व्यवस्था आपल्या विधानमंडळाने स्वतःच उभी केली आहे. जुनी कार्यवृत्ते वाचताना मला रस्ते, पाझर तलाव, आश्रमशाळा, भूसंपादनाचा मोबदला यांबद्दलची आश्वासने भेटली. काही खरोखर पुरी झाली होती, आणि ती पुरी होण्यामागे एखाद्या आमदाराने तोच प्रश्न तीन-तीन अधिवेशनांत पुन्हा विचारलेला असे. पाठपुराव्याला दिवस लागतात. सहा दिवसांच्या अधिवेशनात आश्वासन मिळवायलाच वेळ पुरत नाही, पाठपुरावा कधी करायचा?

दिवसांची गोष्ट सगळ्यात आधी घ्यायला हवी, कारण बाकीची दुखणी तिच्या पोटात आहेत. संविधानाच्या अनुच्छेद १७४मध्ये दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर पडू नये, एवढीच अट आहे. वर्षाला किती दिवस बसायचे हे सभागृहांच्या विवेकावर सोडले आहे. संविधानाच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या न्या. वेंकटचलय्या आयोगाने २००२मध्ये शिफारस केली की सत्तरहून अधिक सदस्यांच्या विधानसभांनी वर्षाला किमान ९० दिवस बसावे. आपली विधानसभा २८८ सदस्यांची आहे. आज देशातल्या राज्य विधानसभांची वर्षाची सरासरी वीस ते पंचवीस दिवसांच्या आसपास घुटमळते. आपण इतर राज्यांपेक्षा थोडे बरे आहोत, हे उत्तर मला पटणार नाही. ज्या राज्याने देशाला रोजगार हमीचा कायदा दिला, त्याने शेजाऱ्यांकडे पाहून आपली उंची ठरवू नये.

दिवस कमी झाले म्हणजे नेमके काय कमी होते, हे मंत्रालयापासून तहसीलपर्यंतच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला माहीत आहे. कार्यालयात ‘एलएक्यू आलाय’, म्हणजे आमदाराने विधानसभेत विचारलेला प्रश्न आलाय, असा निरोप येतो आणि टेबलावरची बाकीची कामे बाजूला होतात. मुंबईहून जिल्हाधिकारी कार्यालयात, तिथून प्रांताकडे, तिथून तहसीलला निरोप जातो. किती घरकुले अपुरी राहिली, किती पदे रिकामी आहेत, अनुदान कुठे अडले, याची माहिती गोळा होते. वर्षभर कपाटात पडलेली फाइल त्या एका तारांकित, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या, प्रश्नामुळे हलते. प्रश्न शेवटी सभागृहात पुकारला गेला नाही तरी तो विचारला जाईल या शक्यतेनेच प्रशासन जागे होते. मी विद्यार्थ्यांना सांगत असे की उत्तरदायित्व या संकल्पनेचा अर्थ पुस्तकात शोधू नका, अधिवेशन काळात एखाद्या पंचायत समितीच्या कार्यालयात जाऊन बसा. प्रश्नोत्तराच्या तासाचा प्रत्येक दिवस गमावला की राज्यभर अशा कितीतरी फाइली तशाच पडून राहतात.

आणि इथे विरोधी बाकांवरच्या सदस्यांनाही मला काही विचारायचे आहे. अधिवेशन किती दिवस चालावे हे कामकाज सल्लागार समितीत ठरते, आणि त्या समितीत तुमचेही गटनेते असतात. बाहेर येऊन कालावधी वाढवण्याची मागणी करायची आणि बैठकीत दोन-तीन दिवसांच्या फरकावर समाधान मानायचे, असे अनेक वर्षे चालले आहे. सत्ता बदलली की भूमिकाही अदलाबदल होतात. मी कोणत्याही एका आघाडीविरुद्ध लिहीत नाही. गेल्या काही वर्षांत जवळजवळ प्रत्येक मोठ्या पक्षाने दोन्ही बाजूंना बसून पाहिले आहे, आणि सभागृहाचा वेळ दोन्ही काळांत आक्रसलाच.

नागपूरच्या बाबतीत तर हा वचनाचा प्रश्न आहे. २८ सप्टेंबर १९५३च्या नागपूर कराराने विदर्भाला शब्द दिला होता की वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात होईल आणि शासनही ठरावीक काळासाठी नागपुरात येईल. त्यामागचा हेतू साधा होता. गडचिरोली किंवा बुलढाण्याच्या माणसाला आपल्या कामासाठी मुंबई गाठावी लागू नये. सहा-सात दिवसांत खात्यांचे सामान लागते आणि निघते. शिष्टमंडळे यशवंत स्टेडियमजवळ उन्हात थांबतात, निवेदन देतात आणि परततात. याच प्रदेशासाठी, मराठवाड्यासाठी आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी १९९४मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. अनुच्छेद ३७१(२)प्रमाणे त्यांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे यायचा होता. ३० एप्रिल २०२०ला मंडळांची मुदत संपली आणि पुढची कित्येक वर्षे ती पुन्हा उभी राहिली नाहीत. प्रादेशिक असमतोलावर आकडेवारीनिशी चर्चा करण्याचे संवैधानिक साधन असे हातातून गेले, आणि सभागृहाने त्यासाठी एक पूर्ण दिवसही राखून ठेवला नाही याचे मला दुःख आहे.

आता पैशांबद्दल. राज्याच्या तिजोरीतून एक रुपया काढायचा तरी विधानसभेची मंजुरी लागते, हे तत्त्व मी पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवत असे. पुरवणी मागण्या ही त्या तत्त्वातली अडचणीच्या वेळची सोय आहे. आधी मंजूर झालेली रक्कम अपुरी पडली, किंवा अर्थसंकल्पाच्या वेळी न दिसलेली नवी बाब उभी राहिली, तर अनुच्छेद २०५खाली त्या आणायच्या असतात. २८ जून २०२४ला राज्याचा अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला आणि त्याच अधिवेशनात ९४ हजार ८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या आल्या. जुलै २०२५मध्ये पुन्हा ५७ हजार कोटींहून अधिक, डिसेंबरात पुन्हा ७५ हजार कोटींहून अधिक. महिन्याच्या पहिल्या तारखेला घरखर्चाचा अंदाज लिहून आठव्या दिवशी तो मोडावा लागला, तर घरातली बाई आधी स्वतःला विचारते की अंदाज लिहिताना काय सुटले. हा प्रश्न विचारण्याचे काम तुमचे आहे. अर्थसंकल्पाचे आकडे मुळात खरे धरायचे की नाहीत, असे मला वर्गात विद्यार्थी विचारू लागले तेव्हा माझ्याजवळ समाधानकारक उत्तर नव्हते.

विभागांच्या मागण्यांवर चर्चा होते ती मोजक्याच खात्यांच्या. उरलेल्या खात्यांच्या हजारो कोटींच्या मागण्या शेवटच्या दिवशी एकत्र मताला टाकल्या जातात. कोणत्या खात्यावर बोलायचे हे ठरवताना गर्दीचा विषय निवडला जातो. सामाजिक न्याय, आदिवासी विकास, ग्रंथालये, तंत्रशिक्षण यांच्या वाट्याला चर्चा कधी येते आणि कधी येत नाही. महालेखापरीक्षकांचे अहवालही अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी पटलावर ठेवण्याची रूढी पडली आहे. त्यामुळे त्यावर त्या अधिवेशनात बोलणे अशक्य होते, आणि पुढच्या अधिवेशनापर्यंत विषय शिळा होतो. लोकलेखा समिती पुढे त्या अहवालांवर काम करते, सचिवांच्या साक्षी घेते. पण एखाद्या योजनेतला घोळ चार-पाच वर्षांनी समितीच्या अहवालात छापून आला, तर ज्यांनी तो केला ते बदली होऊन किंवा निवृत्त होऊन गेलेले असतात.

कायदे करण्याच्या पद्धतीबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे. बहुतेक विधेयके मांडल्यापासून काही दिवसांत संमत होतात. सदस्यांच्या हातात प्रत पडते, ती वाचून दुरुस्ती सुचवायला वेळ नसतो, आणि सूचना देणाऱ्या नागरिकाला तर प्रत मिळेपर्यंत कायदा झालेला असतो. विधेयक समितीकडे जाणे ही आपल्याकडे अपवादाची गोष्ट आहे. पण तो अपवाद काय करू शकतो, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. महिलांवरील अत्याचारांबाबतचे शक्ती विधेयक डिसेंबर २०२०मध्ये मांडले गेले, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले आणि बदलांसह डिसेंबर २०२१मध्ये संमत झाले. नक्षलवादाला आळा घालण्यासाठी म्हणून आणलेले जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेले तेव्हा राज्यभरातून बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या. त्या कायद्याबद्दल कुणाचे मत काहीही असो, बारा हजारांवर माणसांनी एका विधेयकाचा मसुदा वाचून त्यावर लिहून पाठवले. लोकांना कायद्यात रस नाही असे आता कुणी म्हणू नये. दार उघडले की लोक येतात. केंद्र सरकारने २०१४मध्येच ठरवले की मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा. तेवढे तरी आपल्या राज्यात प्रत्येक विधेयकाला मिळायला हवे. केरळ विधानसभेने १९८०पासून विषयवार समित्या नेमल्या आणि विधेयकेही, अनुदानाच्या मागण्याही त्या समित्यांत तपासायला सुरुवात केली. लोकसभेने विभागनिहाय स्थायी समित्या १९९३मध्ये आणल्या, म्हणजे तेरा वर्षांनी. आपल्याला कुणाची नक्कल करायची गरज नाही, पण चांगली वहिवाट दिसली तर ती उचलायला कमीपणा कसला?

सभापती महोदय, ज्या आसनावर आपण बसता, तिथे १९६० ते १९७८ वि. स. पागे बसत होते. शेतमजुराला काम मागण्याचा हक्क असला पाहिजे, ही कल्पना त्यांनी मांडली आणि चिकाटीने पुढे नेली. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला, १९७२च्या दुष्काळाने तिची गरज सिद्ध केली, व्यवसाय कराने तिला पैसा दिला आणि १९७७चा रोजगार हमी कायदा उभा राहिला. २००५च्या राष्ट्रीय कायद्याने त्याच कायद्याकडून धडा घेतला. वरिष्ठ सभागृहाचे सभापती एका सामाजिक कायद्याचे जनक ठरले, हे माझ्या मते आपल्या विधानमंडळाच्या इतिहासातले सर्वांत तेजस्वी पान आहे. विधानमंडळाचे संसदीय प्रशिक्षण केंद्र त्यांच्या नावाने आहे, हे योग्यच झाले. त्या नावाला साजेशी गोष्ट म्हणजे प्रश्न मुळापासून समजून घेऊन, वेळ देऊन कायदा करणे.

आसनांचा विषय निघाला म्हणून सांगते. विधानसभेचे अध्यक्षपद फेब्रुवारी २०२१ ते जुलै २०२२ रिकामे राहिले. विधान परिषदेचे सभापतिपद जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ रिकामे राहिले. उपाध्यक्ष आणि उपसभापतींनी कामकाज चालवले, त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण संविधानाने दोन्ही ठिकाणी ही निवड शक्य तितक्या लवकर करावी असे म्हटले आहे, आणि दीड-अडीच वर्षे हा काळ त्यात बसत नाही. पहिली पोकळी एका आघाडीच्या काळात पडली, दुसरी दुसऱ्या आघाडीच्या. विधान परिषदेवर राज्यपालांनी नेमायच्या बारा जागांचेही तसेच झाले. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतल्या जाणत्या माणसांसाठीच्या या जागा २०२०च्या मध्यापासून रिकाम्या होत्या. उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१मध्ये वाजवी मुदतीत निर्णय घेण्याची गरज सांगितली, तरी ऑक्टोबर २०२४पर्यंत एकही जागा भरली नाही, आणि तेव्हाही भरल्या त्या सातच.

विरोधी पक्षनेत्याबद्दल एवढे आवर्जून सांगायचे आहे की या पदासाठी पक्षाकडे सभागृहाच्या किमान एक-दशांश जागा हव्यात असा जो निकष पुढे केला जातो, त्याला आपल्या राज्याचा स्वतःचा इतिहास दुजोरा देत नाही. १९६२च्या निवडणुकीत २६४ जागांच्या विधानसभेत शेतकरी कामगार पक्षाचे पंधरा आमदार आले, म्हणजे एक-दशांशाहून कितीतरी कमी. तरी कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते झाले आणि १९७२पर्यंत राहिले. पुढे १९८०च्या दशकात त्याच पक्षाचे दत्ता पाटीलही तेरा आमदारांच्या बळावर त्या पदावर बसले. त्या काळी काँग्रेसला प्रचंड बहुमत होते आणि विरोधकांना हे पद नाकारणे सोपे होते. तरीही बहुमतवाल्यांनी ते दिले, कारण समोर जबाबदारीने बोलणारा एक माणूस असणे सरकारच्याही हिताचे आहे हे त्यांना कळत होते. नोव्हेंबर २०२४नंतर सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाकडे वीस आमदार होते. धुळपांच्या पंधरांशी आणि दत्ता पाटलांच्या तेरांशी तुलना करून पाहावी.

स्थानिक स्वराज्य संस्थांबद्दल थोडक्यात, कारण त्यावर न्यायालयात बरेच बोलून झाले आहे. मार्च २०२२मध्ये प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून शासनाकडे घेणारी विधेयके दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केली. एकमत झाले म्हणून चर्चा आखूड राहिली. मुंबई महापालिकेची मुदत त्याच महिन्यात संपली आणि मतदान झाले जानेवारी २०२६मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षे देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका प्रशासकाच्या हाती होती. शहरी स्थानिक संस्थांबद्दलची चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती शिकवताना पाच वर्षांची मुदत ओलांडता येत नाही, असे मी ठामपणे सांगत आले होते.

आणखी एक गोष्ट माझ्या पेशाची आहे, पण तिचा संबंध तुमच्याशी आहे. राज्यातल्या महाविद्यालयांत राज्यशास्त्र आणि लोकप्रशासन शिकवणारे किती तरी जण तासिका तत्त्वावर काम करतात. तीन महाविद्यालयांत तास घेऊन, पीएच.डी. आणि नेट दोन्ही असून, सुटीच्या महिन्यांत एक रुपयाही न मिळणारी ही माणसे उद्याच्या तहसीलदारांना आणि गटविकास अधिकाऱ्यांना संविधान शिकवतात. त्यांच्यातले अनेक उत्तम संशोधक आहेत. दुसऱ्या बाजूला आमदारांना विधेयकावर टिपण करून देणारे, अर्थसंकल्पाचे खंड वाचून देणारे मनुष्यबळ हवे आहे. शासनाने २०१५मध्ये मुख्यमंत्री फेलोशिप सुरू केली आणि कार्यकारी यंत्रणेला तरुण अभ्यासक मिळाले. सरकारला प्रश्न विचारणाऱ्या सदस्यांनाही तेवढ्याच तोलाचे अभ्यासक मिळायला हवेत. ही दोन टोके जोडणे अवघड नाही.

माझ्या मागण्या सरळ आहेत. विधानमंडळाने वर्षाला किमान ९० दिवस बसावे आणि ही संख्या नियमांत लिहावी. एका वर्षात तिथवर पोहोचता येणार नसेल तर टप्पे जाहीर करावेत. वर्षाचे अधिवेशनांचे वेळापत्रक जानेवारीतच प्रसिद्ध व्हावे. नागपूरचे अधिवेशन चार आठवड्यांहून कमी नसावे आणि त्यातला एक पूर्ण आठवडा प्रादेशिक असमतोलावरच्या चर्चेसाठी राखीव असावा.

अध्यादेशाची जागा घेणारी विधेयके सोडून प्रत्येक विधेयकाचा मराठी मसुदा मांडण्याच्या तीस दिवस आधी लोकांसमोर यावा, आणि विषयवार समित्या नेमून विधेयके व विभागांच्या मागण्या त्यांच्याकडे जाव्यात. महालेखापरीक्षकांचे अहवाल अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात पटलावर यावेत. पुरवणी मागण्यांसोबत प्रत्येक विभागाने लेखी सांगावे की ही बाब मूळ अर्थसंकल्पात का धरता आली नाही. आश्वासन समितीने प्रलंबित आश्वासनांची तालुकानिहाय यादी दर अधिवेशनाच्या आरंभी प्रसिद्ध करावी. आपल्या गावाबद्दल मंत्री काय बोलले होते हे ग्रामसभेला वाचता आले पाहिजे.

विरोधी पक्षनेत्याच्या मान्यतेचा नियम दोन्ही सभागृहांनी लिहून काढावा. अध्यक्ष, सभापती आणि नामनिर्देशित सदस्य यांच्या रिकाम्या जागांसाठी साठ दिवसांची मर्यादा पाळण्याचा ठराव सभागृहांनी स्वतः करावा. संविधान बदलायला वेळ लागतो, पण स्वतःवर बंधन घालून घ्यायला सभागृहाला कुणी अडवलेले नाही.

आणि विधानमंडळाने राज्यातल्या विद्यापीठांशी करार करून प्रत्येक समितीला दोन अभ्यासक द्यावेत, त्यांना मानधन सन्मानाचे असावे.

येत्या अधिवेशनापूर्वी कामकाज सल्लागार समितीची बैठक होईल, तेव्हा दिवसांची मागणी तिच्यापुढे ठेवावी आणि प्रत्येक गटनेत्याने काय भूमिका घेतली हे लोकांना कळू द्यावे. समित्यांसाठी टिपणे तयार करायला, जुन्या कार्यवृत्तांतून आश्वासने शोधायला मी आणि माझे काही माजी विद्यार्थी विनामोबदला तयार आहोत. कधीही बोलवा, आम्ही येऊ.

आपली,
लोकप्रशासनाची एक निवृत्त प्राध्यापिका,
विदर्भ